सव्वा फूट जादा

जाताना मुलीनं चार ओळींची चिठ्ठी लिहिली आणि काचेच्या पेटीवर चिकटवली. ती आईसाठी होती हे उघड होतं, कारण तीन कामं सांगून झाल्यावर चौथी ओळ अशी होती: ‘बाबांना काही करू देऊ नकोस.’

निरीक्षकांनी ती ओळ एकदा चष्म्यातून वाचली, एकदा चष्मा काढून वाचली. दोन्ही वेळा तेवढीच भरली.

एकतीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी इमारतीत सगळे त्यांना साहेबच म्हणत. पाठ वळली की ‘फूटपट्टी’ म्हणत, हेही त्यांना माहीत होतं. फक्त कोण किती वेळा म्हणतं याची खात्रीलायक आकडेवारी हाती नव्हती. नोकरीत त्यांनी पारड्याखाली लोहचुंबक लावणारे पकडले, दुधाच्या मापाला तळाशी पोचा मारणारे पकडले. पण खरा राग कापडवाल्यांवर. गजावर कापड धरायचं, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं आणि बोलता बोलता चार बोटं ताणायचं. अशा दुकानात निरीक्षक शिरले की गादीवरचा शेठ उभा राही. ‘ताणलेलं कापड खोटं बोलतं,’ हे त्यांचं वाक्य. घरात ते इतक्या वेळा बोललं गेलं होतं की मुलगी लहानपणी शाळेतला सुविचार म्हणून तेच फळ्यावर लिहून आली होती.

पेटीत जी होती तिचं नाव नाडी. मुलीनं ठेवलेलं. रंगानं विटकरी, अंगावर शेंदरी ठिपके, जाडीला अंगठ्याएवढी. विष नाही, आवाज नाही, दहा दिवसांतून एकदा जेवण. बायको म्हणायची, “पाहुणा असावा तर असा. फक्त साप नसावा.” पेटीवर मुलीच्या नावचा परवाना डकवलेला होता: पाळीव सर्प, बिनविषारी, नग एक, लांबी चार फूट. निरीक्षकांनी परवान्यावर विसंबून न राहता पहिल्याच आठवड्यात बाहेरून काचेला पट्टी लावून खातरजमा केली होती. चार फूट. सरकारनं आयुष्यात एकदा बरोबर मोजलं, असं त्यांनी जेवताना सांगितलं होतं.

आता मुलगी कामासाठी दोन आठवडे परगावी गेली होती, आणि बायकोनं पहिल्याच दिवशी आपली बाजू स्पष्ट केली. “मी त्या पेटीत हात घालणार नाही. तुम्हीच करा काय ते. पण काही करू नका.”

त्या चौथ्या ओळीमागे एक जुनी नोंद होती. मुलगी नऊ वर्षांची असताना तिच्याकडे दोन सोनेरी मासे होते. ती आजारी पडली तेव्हा पाणी बदलायचं काम निरीक्षकांनी घेतलं. पाणी अचूक मोजून घातलं, एक थेंब इकडे तिकडे नाही. फक्त ते किती गार आहे हे पाहायचं राहिलं. संध्याकाळी मासे आडवे तरंगत होते. मुलगी रडली नाही. पण त्यानंतर तिनं बापाच्या हातात जिवंत असं काही दिलं नाही. मांजराचं पिल्लू आणलं तेव्हा आईला दाखवलं. मैत्रिणीचं बाळ आलं तेव्हा बाबांना म्हणाली, “तुम्ही बसा, मी धरते.” बाकी सगळं व्यवस्थित, वाढदिवसाला शर्ट, आजारपणात औषधं. तेवढा एक रकाना कोरा होता आणि वीस वर्षं तो तसाच होता.

चिठ्ठीतली तीन कामं अशी. पाणी रोज बदलायचं. कोपऱ्यातल्या झाकणाच्या डब्यातलं शेवाळ ओलं ठेवायचं, कारण नाडी कात टाकायला आलीय. आणि कात टाकली की डोळ्यांवरची दोन झाकणं कातीत आली का ते मोजायचं. सापाला पापण्या नसतात. प्रत्येक डोळ्यावर काचेसारखा एक खवला असतो, तो कातीबरोबर निघतो. ‘राहिला तर डोळा बिघडू शकतो,’ असं मुलीनं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

पहिलं काम निरीक्षकांनी चोख केलं, या वेळी बोट बुडवून. तिसऱ्याची त्यांना ओढच लागली होती, कारण त्यात ‘मोजायचं’ हा शब्द होता. दुसऱ्याशी मात्र त्यांचा तात्त्विक मतभेद झाला. ओल ही वस्तू त्यांनी जन्मभर शत्रू मानलेली. ओलीनं काटे गंजतात, पारडी चिकटतात, नोंदवह्यांना वाळवी लागते. त्यात पेटीच्या काचेवर बाष्प धरायचं. मग रोज सकाळी ते जुन्या वर्तमानपत्रानं काच कोरडी पुसू लागले आणि शेवाळाचा डबा गॅलरीत उन्हाला ठेवू लागले. चार दिवसांत शेवाळ घासणीसारखं झालं. निरीक्षकांना स्वच्छतेचं समाधान वाटलं.

सहाव्या दिवशी नाडीचे डोळे गेले.

म्हणजे जागेवरच होते, पण त्यांच्यावर दूध सांडावं आणि दुधात शाईचा थेंब पडावा तसा निळसर पडदा आला. पाहुण्यासारखी वागणारी नाडी पेटीच्या मधोमध मान उचलून थांबली. हलेना. दुपारचे तीन वाजले होते, रस्त्यावरून एक सायकलसुद्धा जात नव्हती, आणि मुलीच्या खोलीत पेटीवरचा दिवा तेवढा बारीक गुंजत होता. निरीक्षक खुर्ची घेऊन डावीकडे बसले. ते निळे डोळे त्यांच्याकडे. उजवीकडे बसले. तरी त्यांच्याकडेच. जागा बदलताना मान वळलेली एकदाही दिसली नाही.

बायको दारात उभी राहिली. “ती बघतेय का?”

“सध्या तिला दिसत नाही. कात टाकण्याआधी असं होतं.”

“मग कुठे बघतेय?”

त्या दिवसापासून बायको जेवताना त्या खोलीकडे पाठ करून बसेना. निरीक्षक तिला हसले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःही खुर्ची फिरवून बसले.

दोन दिवसांनी डोळे निवळले, आणि कात सुटायला लागली. सुटायला म्हणजे कशी? चांगली कात पायमोजा काढावा तशी तोंडापासून शेपटीपर्यंत उलटी होऊन एकसंध निघते. ही ओल आलेल्या भिंतीच्या रंगासारखी पोपडे धरून निघाली. कुठे सुटली, कुठे चिकटून राहिली. हनुवटीखाली एक पापुद्रा लोंबत होता, डोक्यावर दुसरा अडकला होता. गळा तंग असलेला स्वेटर काढताना डोक्यात अडकलेला माणूस जसा हात वर करून आंधळा उभा राहतो, तशी ती तोंड काचेला घासत उभी होती. आणि त्या घासण्याचा आवाज येत होता. इतके दिवस ज्या प्राण्याला आवाज नव्हता, त्याचा.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. “कात टाकली?”

“चालू आहे.”

“चालू आहे म्हणजे?”

“म्हणजे प्रगतिपथावर आहे.”

मग ती म्हणाली, “आईला द्या.”

आईनं फोन घेतला, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, “अगं, बाबा लक्ष ठेवून आहेत.” हे वाक्य धीर द्यायला होतं की धोक्याची सूचना, हे दोघींनाच माहीत.

सल्ल्यांना तोटा नव्हता. समोरच्या दारातले सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, “तेल लावा. माझी अंगठी तेलानंच निघाली.” औषधाच्या दुकानात निरीक्षकांनी आडून विचारायचं ठरवलं, कारण साप म्हटलं की लोक एक पाऊल मागे सरतात आणि ते त्यांना अपमानास्पद वाटे.

“अंगाची सालं निघतायत. काही मिळेल?”

“कोणाच्या?”

“घरातल्याच.”

“वय काय?”

“सहा वर्षं.”

“कुठे निघतायत?”

“सगळीकडे. तोंडावरसुद्धा.”

“खाणंपिणं?”

“दहा दिवसांत काही नाही.”

औषधवाल्यानं हातातला चमचा खाली ठेवला आणि असं काही पाहिलं की निरीक्षक खोकल्याची गोळी घेऊन घरी आले.

शेवटी त्यांनी प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, “पेटीत ओल नव्हती का?”

निरीक्षक म्हणाले, “हवा कोरडी आहे हल्ली.”

“कोमट पाण्यात वीस मिनिटं ठेवा. पाणी तिच्या पाठीच्या वर नको. मग ओला टॉवेल दोन्ही हातांत सैल धरा आणि तिला त्यातून आपली आपण जाऊ द्या. ओढायचं नाही. तुम्ही ओढणाऱ्यांतले आहात का?”

“मी निरीक्षक होतो.”

“म्हणजे ओढणारे,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी तेच वाक्य सावकाश पुन्हा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोरीत टब मांडला. बायकोनं शपथ मोडून तापमापक धरला, पण हात टबाच्या वर आणि बाकीची सगळी दाराबाहेर. निरीक्षकांनी आयुष्यात पहिल्यांदा नाडीला उचललं. त्यांना वाटलं होतं गार आणि चिकट लागेल. ती कोरडी होती, आणि आत काहीतरी सारखं पुढे सरकत होतं, दोरी न हलता दोरीतून गाठ सरकावी तसं. वीस मिनिटं ती पाण्यात डोकं वर काढून पडून राहिली. नळ थेंब थेंब गळत होता. प्रत्येक थेंबाला तिची जीभ बाहेर येऊन आत जाई.

मग टॉवेल. त्यांनी दोन्ही हातांची सैल मूठ केली. नाडीनं डोकं आत घातलं. एका बाजूनं ती निघू लागली, नवी, ओली, एखाद्या कोऱ्या चामड्याच्या पट्ट्यासारखी लखलखीत. पण मूठ रिकामी होईना. साप पुढे निघून जात होता आणि हातात साप राहत होता. वजन नसलेला, पलीकडचं दिसणारा, खवला न् खवला मोजता येईल असा. शेपटीचं टोक सुटलं तरी निरीक्षकांनी मूठ सोडली नाही.

“झालं?” बायकोनं बाहेरून विचारलं.

“एक गेली,” निरीक्षक म्हणाले. आपण असं का बोललो, हे त्यांना कळलं नाही.

टॉवेलात लहानमोठे अकरा तुकडे निघाले. एका तुकड्यावर अख्खं तोंड होतं: नाकपुड्या, ओठ, उजव्या डोळ्याच्या जागी स्वच्छ गोल भिंग. डाव्या डोळ्याच्या जागी भोक. नाडीचा उजवा डोळा काळाभोर चमकत होता आणि डावा, विटलेल्या बटणासारखा, धुरकट होता. झाकण राहिलं होतं. निरीक्षकांचा हात चिमट्याकडे गेला. आयुष्यभर त्यांनी खपल्या, लेबलं, डाकेच्या पाकिटांवरची लाख, जे सुटत होतं ते सगळं ओढून काढलं होतं. चिमटा डोळ्यापासून चार बोटांवर आला तेव्हा दोन मासे आडवे तरंगत त्यांच्या मनातून गेले. त्यांनी चिमटा खिशात घातला. डॉक्टर फोनवर म्हणाले, “शहाणे आहात. उद्या पुन्हा ओला टॉवेल.”

आता शहाण्या माणसानं स्वस्थ बसावं. पण अकरा तुकडे समोर असताना निरीक्षक स्वस्थ कसे बसणार? सगळी कात आली का, एखादा वेढा शेपटीला राहून रक्त तर अडवत नाही ना, हे पाहायलाच हवं. त्यांनी तुकडे ओलेच जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडले. कडा गुंडाळत होत्या म्हणून कपड्यांचे चिमटे लावून सपाट केले. तोंडापासून शेपटीपर्यंत पोलादी पट्टी लावली. पुन्हा लावली. मग उलट्या बाजूनं लावली.

सव्वापाच फूट.

ते पेटीपाशी गेले. नाडी चार फूट होती. ते टेबलापाशी आले. सव्वापाच फूट. खोलीत पंख्याशिवाय काही हलत नव्हतं.

“अहो, काय झालं?” बायकोनं विचारलं.

“सव्वा फूट जादा भरतोय.”

“कोण?”

“साप.”

बायकोनं आधी पेटीकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग कपाटाखालच्या अंधाराकडे. “म्हणजे अजून एक आहे.”

निरीक्षकांना हे नाकारायचं होतं. पण एकतीस वर्षांत त्यांच्या पट्टीनं कधी दगा दिला नव्हता. चार फुटांच्या देहातून सव्वापाच फूट कातडं निघत नाही, हा साधा हिशेब. उरलेलं सव्वा फूट दुसऱ्या कुणाचं तरी होतं, तो कुणीतरी पेटीत शिरून, कात टाकून, पुन्हा बाहेर पडला होता, आणि सध्या घरात होता. लहान. नवा. आणि नीट पाहू शकणारा.

त्या दिवशी दोघांनी सगळं घर उपसलं. बूट झटकले, उशांच्या खोळी उलट्या केल्या, पुस्तकं एकेक करून काढली. काही सापडलं नाही, आणि न सापडणं हे सापडण्याहून वाईट. कारण आता सर्र असा आवाज येऊ लागला. कधी टेबलाकडून, कधी भिंतीच्या कडेनं. कान दिला की थांबायचा. बायको पलंगावर पाय वर घेऊन बसली आणि बहिणीकडे जायची बॅग तिनं पलंगावरच भरली, खाली न उतरता. हे कसब निरीक्षकांनी संसारात प्रथमच पाहिलं.

सकाळी त्यांनी परवाना कक्षाला फोन केला.

“साप पळाला का?” पलीकडच्या बाईंनी विचारलं.

“नाही. आहे.”

“मेला का?”

“नाही. वाढलाय.”

“लांबी वाढली तर वार्षिक विवरणात भरा.”

“लांबी तेवढीच आहे. साप वाढलाय.”

कागद उलटल्याचा आवाज आला. “कमी झाला तर फॉर्म आहे. जादा झाला तर नाही. तुम्ही एक कमी झाल्याचं लिहा आणि शेरा मारा की उलट समजावे.”

“आणि मग?”

“मग परवान्याविरुद्ध जादा नग म्हणून आमची माणसं येतील आणि दोन्ही घेऊन जातील. पेटीसकट. परत मिळतो का, ते मी सांगू शकत नाही.”

निरीक्षकांनी फोन ठेवला. मुलगी परवा येणार होती. तिला काय सांगायचं? तुझा साप सरकारजमा झाला, कारण बाबांनी मोजलं? चौथी ओळ पेटीवरून त्यांच्याकडे बघत होती.

एवढ्यात सेक्रेटरी आले. बायकोनं खालच्या शिवणवाल्या काकूंना विश्वासात घेऊन सांगितलं होतं, आणि जिन्यात विश्वासाला पाय फुटले होते. सेक्रेटरी कागद घेऊन टेबलाशी बसले. “साहेब, नियम तुम्हीच लिहिलेत. एका घरी एक प्राणी. मला सही हवी की इथे एकच आहे. नसेल, तर मला वर कळवावं लागेल.”

निरीक्षकांनी पेन उघडलं. खोटी सही त्यांनी आजवर केली नव्हती. खरी करायची, तर मोजमाप विरुद्ध होतं. पेनाचं टोक कागदावर टेकलं आणि तिथेच निळा ठिपका पसरू लागला.

सर्र.

सेक्रेटरींनी खाली पाहिलं. पुस्तकांच्या मांडणीखालून वीतभर लांबीचं काहीतरी बाहेर येत होतं. त्याला डोकं नव्हतं. त्यातून फरशी दिसत होती. ते बोटभर पुढे आलं, थांबलं, जणू विचार केला, आणि मग वळण घेऊन थेट सेक्रेटरींच्या चपलेकडे निघालं.

सेक्रेटरी ओरडले नाहीत. त्यांनी आधी एक पाय खुर्चीवर घेतला, मग दुसरा, मग ते सगळेच खुर्चीवर उभे राहिले आणि अगदी हळू म्हणाले, “साहेब, सही राहू द्या.”

दार उघडंच होतं. बायकोला भेटायला आलेल्या शिवणवाल्या काकू आत आल्या, गळ्यात फितीचं माप, ब्लाउजला टोचलेल्या टाचण्या. त्यांनी सेक्रेटरींना पाहिलं, फरशीवर पाहिलं, वाकून ते दोन बोटांत उचललं. “चिमटा निसटला असेल. वाळून हलकं झालंय, पंख्यानं फिरतंय. सेक्रेटरी, उतरा. पडलात तर तुमच्या मापाचा पायजमा मी पुन्हा शिवणार नाही.”

टेबलावर खरंच दहाच तुकडे होते.

काकूंनी तुकडा उजेडाला धरला. डोळे बारीक केले. मग दोन्ही टोकांना हलकेच ओढला, सोडला, पुन्हा ओढला. “साहेब, हे तुम्ही मोजलंत?”

“तीन वेळा.”

“ओलं असताना?”

“हो.”

“चिमटे लावून?”

निरीक्षकांनी टेबलावरच्या चिमट्यांकडे पाहिलं.

“हे बघा, खवल्यांच्या मधे घड्या आहेत. झालरीला चुण्या असतात तशा. अंगावर असतं तेव्हा चुण्या मिटलेल्या, म्हणून तर ती वळते. अंगावेगळं झालं की चुण्या उघडतात. चार फूट झालरीला मी पाच-सव्वापाच फूट कापड घेतेच.” त्यांनी तुकडा टेबलावर ठेवला. आवाज खाली आणला, पण इतका नाही की सेक्रेटरींना ऐकू जाऊ नये. “माझ्या सासऱ्यांचं कापडाचं दुकान होतं, साहेब. तुम्ही दंड केला होतात. आठवतंय का? तुम्ही म्हणाला होतात...”

“आठवतंय,” निरीक्षक घाईनं म्हणाले.

“ताणलेलं कापड...”

“खोटं बोलतं,” दारामागून बायकोनं पूर्ण केलं.

सेक्रेटरी खुर्चीवरून उतरले. निरीक्षकांनी ‘एकच आहे’ या शब्दांखाली सही केली. एकतीस वर्षांत इतकी छोटी सही त्यांनी केली नव्हती.

त्या दुपारी त्यांनी पुन्हा ओला टॉवेल घेतला. या वेळी बायको आत आली आणि स्टुलावर बसली. नाडीनं डोक्याची डावी बाजू टॉवेलाला घासली, थांबली, घासली. निरीक्षकांनी मूठ सैल ठेवली. किती वेळ, ते त्यांनी घड्याळात पाहिलं नाही. मग ती पुढे निघाली, आणि टॉवेलाच्या धाग्यांत मसुराच्या दाण्याहून लहान असं काहीतरी चमकलं. डाव्या डोळ्यावरचा धूर नाहीसा झाला होता.

भिंगाखाली धरलं तेव्हा ते जाड वाटलं. वाळलं तेव्हा त्याची दोन झाली. एकात एक बसवलेल्या वाट्या सुटाव्यात तशी.

उजव्या डोळ्याचं एक. डाव्या डोळ्याची दोन. एकूण तीन.

हे ताणून आलेलं नव्हतं. डोळा ताणत नाही. निरीक्षक बराच वेळ भिंगातून पाहत बसले. तिसरं झाकण पिवळट होतं, जुनं होतं, आणि त्याच्या फुगवट्यात खिडकी दिसत होती, उलटी, अगदी बारीक. आणि खिडकीपुढे कुणीतरी बसलेलं. मग त्यांना उलगडलं. हे मागच्या कातीचं. मागच्या वेळी ते निघालंच नव्हतं. मागच्या वेळी कात काढली होती मुलीनं, मोजली होती मुलीनं, आणि तेव्हापासून नाडी एका डोळ्यानं जुन्या कातीतूनच बघत होती.

म्हणजे चूक झाली होती, आणि या वेळी ती त्यांची नव्हती. वीस वर्षांनंतर दोन माशांच्या समोर मांडायला त्यांच्याकडे काहीतरी होतं. त्यांनी काड्यापेटीत कापूस घालून तिन्ही झाकणं ठेवली. पेटी मिटली. पुन्हा उघडली आणि खिशातून चष्म्याचा रिकामा डबा काढला.

मुलगी आली ती चप्पल न काढताच पेटीपाशी गेली. नाडीला बाहेर घेतलं, हातावरून फिरवत शेपटीचं टोक पाहिलं, पोट पाहिलं. “तुकड्यांत निघाली ना?”

“हो,” निरीक्षक म्हणाले. “शेवाळ मी उन्हात वाळवलं. काचही रोज पुसली. चूक माझी.”

“मला माहीत होतं. तुम्ही ‘प्रगतिपथावर’ म्हणालात तेव्हाच.” ती चिडलेली वाटली नाही, पण तिच्या बाबतीत ते वाटत नसेच. “झाकणं?”

निरीक्षकांनी काड्यापेटी पुढे केली. तिनं उघडून बोटानं कापूस सारला.

“दोन,” ती म्हणाली.

“दोन,” निरीक्षक म्हणाले. खिशातला चष्म्याचा डबा त्यांनी वरून चाचपला आणि हात काढून घेतला. बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. तिनं टेबलावर तीन मोजली होती.

मुलीनं नाडी उजेडात धरली. “हा डावा डोळा किती स्वच्छ झालाय,” ती स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली. “मला वाटायचं, तो असाच असतो.” ती थोडा वेळ त्या डोळ्याकडे पाहत राहिली, मग काड्यापेटीकडे, मग बापाकडे. एकदम म्हणाली, “हात धुऊन येते. हिला धरा जरा.”

आणि नाडी त्यांच्या हातात होती.

बेसिनचा नळ सुरू झाला. नाडी त्यांच्या मनगटावरून वर आली, कोपराशी थांबली, मान उचलली आणि त्यांच्या तोंडापासून चार बोटांवर स्थिर झाली. दोन काळे, ओले, पापण्या नसलेले डोळे. इतक्या दिवसांत आपण तिच्याकडे पाहत होतो असं निरीक्षकांना वाटलं होतं. पण ते पाहणं नव्हतं. हे होतं. तिनं त्यांची हनुवटी पाहिली, चष्मा पाहिला, चष्म्यामागचं पाहिलं. जीभ दोनदा बाहेर आली. घाई नव्हती, ज्याला सगळं तपासायचं असतं त्याला घाई नसते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांनी बोट हलवलं नाही, पापणी मिटली नाही. नळ बंद झाला तरी मुलगी लगेच आली नाही.

“अहो,” बायको हळूच म्हणाली, “श्वास घ्या.”